बोटीवरचा कॅमेरा आणि नाखव्याची वही

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मोठ्या गटातली चार कुटुंबे मिळून फ्लूक धरायला समुद्रावर गेली होती. भाड्याची मोठी बोट होती आणि बोटीवर तीसेक माणसे. परत येताना कॅप्टन एका हाताने चक्र धरून दुसऱ्या हाताने टॅब्लेटवर काहीतरी भरत होता, आणि त्याचा मदतनीस मागून ओरडून आकडे सांगत होता : ठेवलेले इतके, सोडलेले इतके. आम्हाला वाटले, हा घरी निरोप पाठवतोय. विचारले तेव्हा हसून म्हणाला, "तुमचे मासे सरकारला कळवतोय."

पुढच्या रविवारी वर्गात ही गंमत सांगितली, तर धाकट्या गटातल्या एकाने विचारले, "पण समुद्रात मासे किती आहेत, ते मोजतं कोण?" कोणालाच उत्तर येईना. ताई म्हणाल्या, "शोधा आणि अंकासाठी लिहा." म्हणून हा लेख. शुद्धलेखन ताईंनी तपासले आहे. मते मात्र आमची आहेत, आणि त्यांतही आमचे आपापसांत पटलेले नाही, ते पुढे येईलच.

पहिली गोष्ट म्हणजे समुद्रातले मासे एकेक करून कोणालाच मोजता येत नाहीत. शास्त्रज्ञांच्या बोटी दरवर्षी ठरावीक पद्धतीने जाळे टाकून नमुना घेतात. आपल्या ईशान्य किनाऱ्यावर असा शरद ऋतूतला नमुना १९६३ सालापासून घेतला जातो. पण अंदाज बांधायला दुसरी बाजूही लागते, ती म्हणजे माणसांनी किती मासे काढले. बँकेतल्या खात्यात शिल्लक किती हे कळायला किती पैसे काढले हे माहीत हवे, तसेच हे. १९७६ साली अमेरिकेने किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचा कायदा केला. पुढे एकेका जातीचा वर्षाचा कोटा ठरू लागला. कोटा आला की हिशेब आला, आणि हिशेब आला की खोटा हिशेबही आला.

यात अवघड जागा आहे ती परत फेकलेल्या माशांची. जाळ्यात आलेले सगळेच मासे धक्क्यावर येत नाहीत. माप लहान असेल, कोटा संपला असेल किंवा त्या माशाला भाव नसेल, तर तो परत पाण्यात जातो. आपल्याला वाटते, सोडला म्हणजे जगला. तसे नसते. स्ट्राइप्ड बास गळाने धरून सोडला, तर शंभरातले नऊ मरतात असे धरून शास्त्रज्ञ हिशेब करतात. नऊ म्हणजे थोडे वाटतात, पण वर्षभरात हौशी लोकांनी सोडलेल्या बासची संख्या कोटींत जाते, तेव्हा ते थोडे राहत नाहीत. ट्रॉलच्या जाळ्यातून परत फेकलेल्या फ्लूकचे तर शंभरातले ऐंशी मेले असेच धरतात. हे मेलेले मासे कोणाच्या टोपलीत नसतात, बाजारात नसतात, लिलावात नसतात. ते फक्त बोटीवरच्या माणसाने लिहिले तरच कागदावर येतात.

म्हणून बोटीवरची वही महत्त्वाची. आपल्या किनाऱ्यावर १९९४ पासून परवानाधारक बोटींना ही वही भरावी लागे : कुठे गेलो, कोणते जाळे, किती खोल पाणी, किती ठेवले, किती टाकले, कोणाला विकले. ओल्या हातांनी, हलत्या बोटीत, पेन्सिलीने भरलेले कागद टपालाने जायचे आणि कचेरीत कोणीतरी ते अक्षर लावून संगणकात भरायचे. (आमचे मराठीचे अक्षर लावताना ताईंचे जे होते, तेच त्यांचे होत असणार.) तोवर कोटा संपून गेलेला असे. मध्य अटलांटिक किनाऱ्यावरच्या भाड्याच्या बोटींना मार्च २०१८ पासून ही माहिती संगणकावरून देणे सक्तीचे झाले. १० नोव्हेंबर २०२१ पासून मेन राज्यापासून खाली, ईशान्येकडच्या केंद्रीय परवान्याच्या व्यापारी बोटींनाही ते लागू झाले. फेरी संपल्यापासून ४८ तासांच्या आत अहवाल गेला पाहिजे. आमचा कॅप्टन टॅब्लेटवर भरत होता ते हेच.

मासळी विकत घेणाऱ्या पेढ्याही वेगळा अहवाल देतात. म्हणजे एकाच माशाच्या दोन नोंदी होतात, एक धरणाऱ्याची आणि एक घेणाऱ्याची. दोन्ही ताडून पाहिल्या की चोरी सापडते, अशी कल्पना. पण दोन्ही वह्या एकाच माणसाच्या हातात असल्या तर? मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड बंदरात कार्लोस राफाएल नावाचा बडा मालक होता. लोक त्याला 'कॉडफादर' म्हणत. बोटीही त्याच्या आणि मासळी घेणारी पेढीही त्याचीच. ज्या माशाचा कोटा कमी, त्याला तो कागदावर कोटा भरपूर असलेल्या माशाचे नाव द्यायचा. दोन्ही वह्या जुळत. रशियन गिऱ्हाईक असल्याचे सोंग घेऊन आलेल्या सरकारी अधिकाऱ्यांपुढे त्याने स्वतःच फुशारकी मारली आणि तो अडकला. फेब्रुवारी २०१६ मध्ये अटक आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ४६ महिन्यांची शिक्षा झाली. खोट्या नावाने दाखवलेली मासळी पावणेआठ लाख पौंडांहून जास्त होती. यातले नुकसान एकट्या सरकारचे नव्हते. खोट्या आकड्यांवरून शास्त्रज्ञांनी अंदाज बांधला की पुढचा कोटा चुकतो, आणि त्याचा फटका खरे लिहिणाऱ्या शेजारच्या बोटीलाही बसतो. वहीचे यंत्र केले म्हणून खोटे लिहिणारा खरे लिहू लागत नाही, फक्त खोटे लवकर पोहोचते.

मग पुढची पायरी म्हणजे बोट कुठे आहे ते बोटीलाच सांगायला लावायचे. न्यू जर्सीत केप मे आणि बार्नेगाट लाइट ही स्कॅलपची मोठी बंदरे आहेत. स्कॅलप हा शिंपल्यांतला प्रकार, पण आतला गर गोल आणि जाड असतो. या बोटींवरचे यंत्र दर अर्ध्या तासाला उपग्रहामार्फत आपला ठावठिकाणा कळवते. त्यामुळे बंद केलेल्या भागात कोणी शिरले की लगेच कळते आणि समुद्रात किती दिवस काढले हेही मोजता येते. १५ डिसेंबर २०२३ पासून केंद्रीय परवान्याच्या शेवंडीच्या बोटींनाही असे यंत्र लावावे लागले. ते बोट चालू असताना मिनिटामिनिटाला जागा टिपते. मेनमधल्या शेवंड पकडणाऱ्यांनी याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. त्यांचे म्हणणे असे की हीच बोट घेऊन आम्ही सुट्टीच्या दिवशी बायकोमुलांना फिरवायला नेतो, तेव्हाही यंत्र चालूच. पुढच्याच वर्षी जिल्हा न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. आणखी एक दुखणे आहे. चांगली जागा ही मच्छीमाराची पुंजी असते. आपल्याकडेही कुठल्या खडकाजवळ काय लागते, ते नाखवा आपल्या पोराला सांगतो, शेजाऱ्याला नाही.

आणि आता कॅमेरा. आम्हाला वाटले होते की कॅमेऱ्याची कल्पना सरकारी कचेरीत निघाली असेल. पण तसे नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात, खेकडे धरणाऱ्यांचे पिंजरे चोरीला जात. दुसऱ्याचा पिंजरा उचलायचा, खेकडे काढून घ्यायचे आणि पिंजरा परत सोडून द्यायचा. समुद्रात पाहणार कोण? तेव्हा १९९९ च्या सुमारास तिथल्या मच्छीमारांनीच पुढाकार घेऊन बोटींवर कॅमेरे बसवून घेतले. कोणत्या बोटीने कोणाचा पिंजरा उचलला, हे दिसू लागले. म्हणजे कॅमेरा आधी आला तो मच्छीमारांचा एकमेकांवर विश्वास राहावा म्हणून. तो सरकारचा विश्वास बसावा म्हणून वापरणे नंतरचे.

त्याची रचना साधारण अशी असते. बोटीच्या कडेवर, जिथे जाळे किंवा दोर वर येतो, तिथे एक कॅमेरा. मासे निवडायच्या जागेवर दुसरा. दोर ओढणाऱ्या यंत्राला एक संवेदक जोडलेला असतो. यंत्रावर जोर आला की मासेमारी सुरू झाली असे पेटीला कळते आणि चित्रण सुरू होते. जीपीएस प्रत्येक चित्रावर वेळ आणि जागा टाकतो. सगळे एका कुलूपबंद पेटीतल्या डिस्कवर साठते. फेरी संपली की अनेक ठिकाणी ती डिस्क चक्क टपालाने पाठवतात, कारण इतके चित्रण समुद्रावरून पाठवणे परवडत नाही. किनाऱ्यावर एखादा माणूस खुर्चीत बसून ते पाहतो.

पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत मच्छीमाराने फेकायचा प्रत्येक मासा कॅमेऱ्यापुढे मापपट्टीवर ठेवून मग पाण्यात सोडायचा आणि वहीतही लिहायचा. तपासनीस सगळे चित्रण पाहत नाही, मधूनमधून काही भाग काढून पाहतो आणि वहीशी ताडतो. परीक्षेत कोणता प्रश्न येईल हे माहीत नसले की सगळा अभ्यास करावा लागतो, त्यातलीच युक्ती. दुसऱ्या तऱ्हेत काही फेकायचेच नाही. ठरलेला सगळा मासा धक्क्यावर आणायचा, तिथे तो मोजला जाईल, आणि कॅमेऱ्याने फक्त काही फेकले नाही ना एवढेच पाहायचे. आम्हाला दुसरी तऱ्हा जास्त सोपी वाटली. पण लहान मासा आणून करायचे काय, आणि तो ठेवायला बोटीत जागा कुठे, हा प्रश्न उरतोच.

अटलांटिकमध्ये लांब दोराला शेकडो गळ लावून स्वोर्डफिश आणि ट्यूना धरणाऱ्या बोटी आहेत. त्यांतल्या काही बार्नेगाट लाइटच्या. त्यांच्या गळाला नको असताना ब्लूफिन ट्यूना लागतो. प्रत्येक बोटीला ब्लूफिनचा ठरावीक वाटा दिलेला असतो आणि १ जून २०१५ पासून या बोटींवर कॅमेरा सक्तीचा आहे.

कॅमेऱ्याच्या आधी, आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी, बोटीवर माणूस पाठवतात. तो निरीक्षक मासे मोजतो. पण त्याचा पगार कोणी द्यायचा? इथे आपल्या राज्याचे नाव सबंध देशात गाजले. हेरिंग हा आपल्या तारलीचा चुलतभाऊ. केप मेच्या काही हेरिंग पकडणाऱ्यांना २०२० च्या नियमाने सांगितले की निरीक्षकाचे पैसे तुम्हीच द्या. खर्च दिवसाला सुमारे ७१० डॉलरपर्यंत जाईल, असा अंदाज होता. छोट्या बोटीत एक बिछाना त्याला द्यायचा, जेवण द्यायचे आणि वर ७१० डॉलर! मच्छीमार म्हणाले, १९७६ च्या कायद्यात निरीक्षक पाठवा असे आहे, पण हेरिंगवाल्यांनी त्याचे पैसे द्यावेत असे कुठे आहे? खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऱ्होड आयलंडच्या मच्छीमारांचा तसाच दुसरा खटला त्याला जोडला गेला. २८ जून २०२४ रोजी निकाल लागला. कायद्याचा अर्थ धूसर असेल तर न्यायाधीशांनी सरकारी खात्याचा अर्थ मान्य करावा, हा १९८४ पासूनचा दंडक न्यायालयाने मोडून काढला. विमान, औषध, हवा, पाणी, सगळ्या खात्यांच्या नियमांवर या निकालाचा परिणाम होतो, म्हणून वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे आले. आमच्यापैकी दोघांच्या हायस्कूलमध्ये यावर चर्चासुद्धा झाली, आणि तिथे मासे हा शब्दही कोणी काढला नाही. गंमत अशी की ७१० डॉलर कोणी द्यायचे, हा मूळ प्रश्न न्यायालयाने सोडवलाच नाही. तो खालच्या कोर्टाकडे परत पाठवला. तो नियम तर सरकारकडे आपल्या वाट्याचे पैसे नसल्यामुळे एप्रिल २०२३ पासूनच थांबवलेला होता.

निरीक्षकापेक्षा कॅमेरा स्वस्त पडू शकतो, तो जेवायला मागत नाही आणि त्याला बोट लागत नाही. म्हणून पुष्कळ मच्छीमारांनी तो पत्करला. वर्गात आम्ही यावर मतदान घेतले, तर बरोबर अर्धे अर्धे झाले. ज्यांच्या घरी दुकान आहे ते म्हणाले, आमच्या बाबांच्या गल्ल्यावर चार कॅमेरे आहेत, त्यात काय एवढे? दुसऱ्या बाजूने उत्तर आले की दुकानातले चित्र बाबा स्वतः पाहतात. बोटीवरचे चित्र दुसराच कोणी पाहतो, आणि ती बोट म्हणजे त्या माणसांचे आठवडाभराचे घर असते. आम्हाला हे उत्तर जास्त पटले. तरीही राफाएलची गोष्ट वाचल्यावर कॅमेरा नकोच असे म्हणवत नाही. चित्रण किती दिवस ठेवायचे, कोणी पाहायचे आणि मासेमारी चालू नसताना कॅमेरा बंद ठेवायचा की नाही, हे आधी कागदावर ठरले पाहिजे, इथपर्यंत सगळ्यांचे एकमत झाले.

आता कोकणाकडे वळू. ओक ट्री रोडवर बर्फातले पापलेट आणि सुरमई घेताना ती कोणी धरली, हे आपण विचारत नाही. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे. तिथे एकेका बोटीवर कॅमेरा लावून मासे मोजणे कठीण. एक तर बोटी हजारोंनी, आणि दुसरे म्हणजे डोल जाळ्यात एका खेपेला बोंबील, जवळा, मांदेली, करली असे कितीतरी प्रकार एकत्र येतात. धक्क्यावर टोपल्या उतरतात आणि पाहता पाहता लिलावात जातात. म्हणून केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसे ठरावीक दिवशी ठरावीक बंदरांवर जाऊन काही बोटींची मासळी मोजतात आणि त्यावरून सगळ्या किनाऱ्याचा अंदाज काढतात. नमुन्याची ही पद्धत जुनी आहे, पण तिथल्या परिस्थितीला ती योग्य आहे.

कोकणात यंत्रे आली ती वेगळ्या कारणांसाठी. पहिले कारण जिवाचे. पालघर जिल्ह्यातले पुष्कळ खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. समुद्रात रेषा आखलेली नसते. बोट भरकटली किंवा मासळीच्या मागे गेली, की पाकिस्तानचे लोक पकडतात आणि घरच्यांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरलाच एका राष्ट्रीय योजनेची सुरुवात झाली. १३ किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख बोटींवर इस्रोने तयार केलेला ट्रान्सपाँडर बसवायचा, खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. यातून दोन्हीकडून निरोप जातो. किनाऱ्यावरून वादळाचा इशारा बोटीला आणि बोटीवरून मदतीची हाक किनाऱ्याला. मेनच्या शेवंडवाल्याला जे यंत्र पहारेकरी वाटते, तशाच यंत्राची पालघरच्या आईला आशा वाटते, हे आम्हाला लिहिता लिहिता लक्षात आले.

दुसरे कारण भांडणाचे. मालवण-देवगडकडे पारंपरिक जाळ्यांचे मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांचे वाद जुने आहेत. पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याला वळसा घालून खालून आवळायचे प्रचंड जाळे. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या हद्दीतल्या पर्ससीनवर बंधने आली. पाण्यावर प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. पण रात्री बारा मैलांवर दिवा कोणी लावला, हे पाहायला जायचे कसे? गस्तीच्या बोटी अपुऱ्या आणि त्या येताहेत हे दुरून दिसते. ९ जानेवारी २०२५ पासून राज्य सरकारने शिरगाव, उत्तन, गोराई, ससून डॉक, रेवदंडा, श्रीवर्धन, मिरकरवाडा, साखरी नाटे आणि देवगड अशा नऊ ठिकाणांहून ड्रोन उडवायला सुरुवात केली. ड्रोनने काढलेले चित्र पुरावा म्हणून धरता येते. अर्थात ड्रोन बोट पाहतो, मासे मोजत नाही. पुढचा दंड आणि सुनावणी माणसांनीच करायची आहे.

शेवटी आपल्याकडे येऊ, कारण आपणही मासे धरतो. न्यू जर्सीत खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीला पैसे भरून परवाना लागत नाही, पण सोळा वर्षांवरील बहुतेकांनी दरवर्षी फुकट नोंदणी करायची असते. भाड्याच्या बोटीवर गेलात तर नोंद कॅप्टन करतो. स्वतःच्या बोटीने खोल पाण्यात टाइलफिश धरायला गेलात, तर १७ ऑगस्ट २०२० पासून बोटीचा परवाना लागतो आणि परत आल्यावर २४ तासांत स्वतः संगणकावरून अहवाल द्यावा लागतो. आमच्या ओळखीच्या एका काकांना हे मुळीच माहीत नव्हते.

पण काठावरून किंवा धक्क्यावरून फ्लूक, पोर्गी धरणाऱ्या लाखो लोकांचे काय? त्यांच्यावर ना कॅमेरा, ना टॅब्लेट. त्यांच्यासाठी दोन गोष्टी करतात. काही माणसे धक्क्यांवर उभी राहून लोकांच्या बादल्या पाहतात. आणि मासे धरायला लोक किती वेळा गेले, हे कळण्यासाठी किनारी राज्यांतल्या घरांना टपालाने प्रश्नपत्रिका जाते. पूर्वी हे दूरध्वनीवरून विचारत, २०१८ पासून पत्रानेच. या पद्धतीतही घोळ निघाला. २०२३ मध्ये सरकारी शास्त्रज्ञांनीच सांगितले की प्रश्नांचा क्रम बदलून पाहिला, तर लोकांनी सांगितलेल्या फेऱ्या तीस ते चाळीस टक्क्यांनी कमी भरल्या. म्हणजे आधी आकडा फुगत असावा. फेऱ्यांचा आकडा फुगला की पकडलेले मासेही जास्त दिसतात, आणि त्यावर पुढच्या हंगामाचे दिवस आणि माप ठरते. उपग्रह, कॅमेरे, ड्रोन सगळे झाले, तरी सगळ्यात मोठा गोंधळ शेवटी एका साध्या प्रश्नपत्रिकेत होता!

हे पत्र आयसेलिनच्या कोणत्याही घरी येऊ शकते. नावे चिठ्ठी काढल्यासारखी निवडतात. आत बहुधा दोन डॉलरही ठेवलेले असतात, त्यामुळे पुष्कळ जण ती जाहिरात समजून पैसे काढून घेतात आणि कागद फेकून देतात. तो फेकू नका. आई-बाबांना वाचून दाखवा आणि भरून पाठवा. तुमच्या घरात कोणी मासे धरत नसेल, अगदी मासे खातही नसेल, तरी शून्य लिहून पाठवायचे असते. सगळी शून्ये गळाली आणि फक्त मासे धरणाऱ्यांचीच पत्रे परत गेली, तर सगळे न्यू जर्सी गळ टाकून बसले आहे असा हिशेब निघेल.